दुपारच्या बातम्यांमधला खंड

"पुलाच्या दुरुस्तीचं काम पुढच्या आठवड्यात," एवढं वाक्य रेडिओवर ऐकू आलं आणि पुढे काहीच नाही.

ना खोकला, ना खुर्चीचा आवाज. ज्यांच्या घरी रेडिओ चालू होता त्यांनी तो हलवून पाहिला, टपली मारून पाहिली. मग घाईघाईनं एक पुरुषी आवाज आला आणि त्यानं पूल, पाणीपुरवठा, हवामान सगळं एका दमात वाचून टाकलं.

स्टुडिओत निवेदिका टेबलावर कोसळली होती. गालाखाली बातमीचा कागद चुरगळलेला, ओठ पांढरे. शेजारी चहाचा कप, अर्धा प्यालेला. काचेपलीकडून तंत्रज्ञ धावत आत आला. त्यानं मनगट धरलं आणि त्याला वाटलं, सगळं संपलं. मग एक ठोका लागला. बऱ्याच वेळानं दुसरा.

संध्याकाळच्या आत हृदयाच्या डॉक्टरांनी पोलिसांना फोन केला.

आलेल्या इन्स्पेक्टरबाई पन्नाशीकडे झुकलेल्या होत्या. त्या कमी बोलायच्या, आणि एकच प्रश्न दोनदा विचारायची त्यांना सवय होती.

"विषबाधा?" त्यांनी विचारलं.

"शंका आहे, म्हणून बोलावलं," डॉक्टर म्हणाले. "माणसाची नाडी मिनिटाला सत्तरच्या आसपास चालते. हिची तिशीत आली होती. हृदयाचा वेग उतरवणाऱ्या गोळ्या जास्त झाल्या की असं होतं. आणि ही बाई तसल्या गोळ्या घेतच नाही."

"मग काय घेते?"

"तिला एमएस आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच नसांवरचं आवरण कुरतडतात. कुंपणानंच शेत खावं तसं. त्यासाठी रोज एक कॅप्सूल. पण ती गेली दोन वर्षं चालू आहे, अंगवळणी पडलेली. त्यानं आज अचानक असं होणार नाही."

"वाचेल?"

"वाचली. आता धोका नाही. रक्ताचे बाकीचे रिपोर्ट तर उत्तम आहेत. पांढऱ्या पेशी अगदी निरोगी माणसाइतक्या."

"तिनं स्वतःच काही घेतलं असेल?"

डॉक्टरांनी खांदे उडवले. "ते तुम्ही शोधायचं."

*

खंडानंतर बातम्या पुऱ्या करणाऱ्या त्या तरुणाला रेडिओवर सगळे 'राखीव' म्हणत. कुणी आजारी पडलं, कुणी रजेवर गेलं, की हा. तो इन्स्पेक्टरबाईंसमोर बसला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे:

"माझ्यामुळंच झालं असणार."

"काय केलंत?"

"मी माइकसमोर घाबरतो. छाती धडधडते. म्हणून एक गोळी घेतो, धडधड कमी करणारी. आज ताईंचा चहा मीच आणला होता. माझाही कप तिथंच होता. गोळी मी चहात विरघळवत नाही, गिळतो, पण..." त्यानं तळहात पँटला पुसले. "कप बदलले असतील. किंवा बोटांना काही लागलं असेल. मला कळत नाहीये."

"गोळी घेतली होतीत का तुम्ही आज?"

"हो."

"मग ती तुमच्या पोटात आहे. बोटांना लागलेल्यानं माणूस कोसळत नाही. तुमच्या ताई पडल्यावर पळत जाऊन तुम्हीच पुढे वाचायला बसलात."

"बातम्या थांबत नाहीत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ताईंनीच शिकवलंय. पण त्यांना उचलून नेत होते आणि मी हवामान वाचत होतो. आणि खरं सांगू? मला वाचताना बरं वाटत होतं. पहिल्यांदाच धडधडलं नाही."

"तिची जागा तुम्हाला मिळणार आहे?"

"मिळालीच आहे. ताईंनी मागच्या आठवड्यात राजीनामा दिला. हात साथ देत नाही म्हणाल्या. दोनदा कागद हातातून पडले, एकदा जिन्यात अडखळल्या. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. तर म्हणाल्या, दुखणं वाढलंय हे मलाच कळतंय, डॉक्टर वेगळं काय सांगणार?"

कपातल्या उरलेल्या चहाची तपासणी झाली. चहात चहाच होता. निवेदिकेच्या रक्तातही राखीवच्या गोळीचा मागमूस नव्हता. तो सुटला, पण सुटल्यासारखा दिसला नाही.

*

निवेदिकेचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. तीन खोल्या, नवरा-बायको आणि तिचे वडील. नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा. दोन दिवस बाहेर, एक दिवस घरी. दार उघडणारा माणूस रात्रभर झोपलेला नव्हता.

"मीच जबाबदार आहे," तो म्हणाला.

इन्स्पेक्टरबाईंनी मनात नोंद घेतली. एरवी कबुली काढायला घाम गाळावा लागतो. इथं जो तो ओंजळीत घेऊन उभा होता.

"कसे काय?"

"निघताना भांडलो. ती राजीनाम्याचं बोलली. मी म्हणालो, दे, सुटशील एकदाची. म्हणजे तसं नव्हतं म्हणायचं. पण मी दमलोय, मॅडम. बाहेर असलो की तिची काळजी, घरी असलो की तिची सेवा. म्हणतात ना, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. हिचं मुंगीच्याच पावलानं आलं आणि आता जायचं नावच घेत नाही." तो हसायला गेला, पण जमलं नाही.

"औषधाबद्दल सांगा. त्याचा त्रास व्हायचा?"

"सुरुवातीला फार. ते औषध पांढऱ्या पेशींना गळ्याकाखेतल्या गाठींमध्ये कोंडून ठेवतं. मोकळ्या सुटल्या की त्या नसा कुरतडतात ना, म्हणून. पण मग जंतूंशी लढायला शिपाईच कमी. सारखी सर्दी, सारखा खोकला. गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला. मध्ये डोळ्यांसमोर धूसर दिसायला लागलं तेव्हा डोळे तपासून आणले, ते निवळलं. तिचे वडील हादरले होते. पण गेले काही महिने सर्दी नाही, खोकला नाही. मी म्हटलं, चला, एक तरी बरं झालं. आणि नेमका हातच गेला."

"औषध सुरू केलं तो दिवस आठवतो?"

"विसरेन कसा? पहिल्या कॅप्सूलला दिवसभर दवाखान्यात ठेवतात. छातीला तारा लावतात, दर तासाला नाडी आणि रक्तदाब बघतात. पहिल्यांदा घेतलं की ते हृदयाचा वेग उतरवतं. हिची नाडी दुपारी इतकी खाली आली की मी नर्सला बोलावून आणलं. मी तिथून हललो नाही. संध्याकाळी सोडलं."

"बरोबर आणखी कोण होतं?"

"मी एकटाच. बाबा दुकानात होते. आम्ही त्यांना म्हटलं, काही नाही, नुसतं बसवून ठेवलं, मासिकं वाचली. त्यांना ताण नको म्हणून."

"कॅप्सूल काढून कोण देतं तिला?"

"तिच्या बोटांना पाकीट फोडता येत नाही. बाबा आठवड्याच्या सात खणांच्या डबीत भरून ठेवतात. ती स्वतः घेते. मागच्या आठवड्यात एक तिच्या हातून निसटली, ओट्याखाली कुठंतरी गेली. शोधली, सापडली नाही. डबीतलीच दुसरी घेतली."

डबी स्वयंपाकघरातच होती. सहा खणांत सहा कॅप्सूल. बाईंनी त्या तपासणीसाठी घेतल्या. मग त्या ओट्यापाशी थांबल्या. फरशीच्या सांध्यातून मुंग्यांची बारीक रांग ओट्याखाली चालली होती. स्वयंपाकघर लख्ख होतं, कुठं कण सांडलेला नव्हता.

बाई गुडघ्यांवर बसल्या, टॉर्च लावला आणि पट्टीनं खालचं काहीतरी पुढे ओढलं. मुंग्यांनी वेढलेली एक कॅप्सूल. टोपण अर्धवट सुटलेलं.

त्यांनी ती पुडीत बांधली आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही.

*

वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. भिंतीवर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. सत्तरी ओलांडलेला म्हातारा डोळ्याला भिंग लावून बसला होता. समोर उघडं मनगटी घड्याळ होतं, पण तो काम करत नव्हता.

"बसा," तो म्हणाला. "मला माहीत होतं तुम्ही येणार. चूक माझी आहे."

"कोणती, काका?"

"मी तिला कामावर जाऊ द्यायला नको होतं. काल सकाळीच तिचा चेहरा उतरला होता. जिना उतरताना मी म्हटलं, आज राहू दे. ऐकते कुठली. आई गेल्यापासून माझं ऐकणं तिनं सोडलंय."

"औषधाच्या बाबतीतही?"

भिंग डोळ्यावरून खाली आलं. "औषधाच्या बाबतीत तर विषयच काढायचा नाही. एकदा काढला होता. न्यूमोनियातून उठली तेव्हा. म्हटलं, हे औषध आहे की वैरी? डोळे, फुप्फुसं, यकृत, काय काय बिघडवतं. तर म्हणाली, बाबा, हा विषय बंद."

"तुम्हाला हे सगळं कुणी सांगितलं?"

"पाकिटात माहितीपत्रक असतं. मुंगीएवढी अक्षरं. पण माझ्याकडे भिंग आहे. दुष्परिणामांचं पान सगळं वाचलं."

"आणि बाकीची पानं?"

चिमट्यानं एक सूक्ष्म स्क्रू उचलला आणि पुन्हा होता तिथंच ठेवला.

"तिला औषध सुरू केलं त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

"इथंच. त्या दिवशी काही विशेष नव्हतं. नुसतं बसवून ठेवलं म्हणाली. कंटाळली होती."

"विशेष नव्हतं?"

"नाही म्हणाली," म्हातारा म्हणाला. "का? होतं का?"

इन्स्पेक्टरबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. प्रश्न खरा होता. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं, आणि कळल्याचा जराही आनंद झाला नाही.

त्यांनी तिथूनच निवेदिकेच्या मेंदूविकारतज्ज्ञांना फोन लावला. विचारायचं एवढंच होतं: हे औषध नेमानं घेणाऱ्या माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी निरोगी माणसाइतक्या सापडतील का?

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या खोलीत पाच माणसं होती. निवेदिका उशीला टेकून बसली होती, छातीला तारा. पायथ्याशी नवरा. खिडकीपाशी राखीव. खुर्चीत वडील. इन्स्पेक्टरबाई उभ्या राहिल्या.

"हे सगळ्यांसमोर बोलू का?" त्यांनी निवेदिकेला विचारलं.

"बोला," ती म्हणाली. आवाज अजूनही भरदार, रेडिओवरचा. "मला स्वतःलाच विचारायचंय, मी विष घेतलं असं तुम्हाला वाटतं का."

"काल वाटलं होतं. आज नाही. तुम्हाला कुणीच विष घातलेलं नाही. चहात काही नव्हतं, रक्तात भलतं काही नव्हतं. तुमच्या डबीतल्या सहाही कॅप्सूल खऱ्या निघाल्या. तुम्ही परवा सकाळी घेतलीत तीही खरीच असणार."

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, रक्ताचे रिपोर्ट उत्तम आहेत. तिथंच मी अडकायला हवं होतं. तुमचं औषध पांढऱ्या पेशींना कोंडून ठेवतं. ते रोज पोटात जात असतं तर रिपोर्ट इतका चांगला आलाच नसता. तो चांगला आला, हेच वाईट होतं."

नवऱ्यानं मान वर केली. "पण ती रोज घेत होती. मी पाहिलंय."

"रोज एक कॅप्सूल घेत होती. तुम्हीच म्हणालात, काही महिने सर्दी नाही, खोकला नाही. शिपाई मोकळे झाले होते. जंतू पळाले. पण तेच शिपाई नसांवरही तुटून पडले, आणि हात गेला. ओट्याखाली पडलेली कॅप्सूल मला मुंग्यांनी दाखवली. त्या औषधासाठी रांग लावत नाहीत. त्यात पिठीसाखर होती."

राखीव खिडकीपासून दोन पावलं पुढे आला.

"कुणीतरी कॅप्सूल उघडून आतलं औषध काढत होतं, साखर भरत होतं आणि टोपण असं बसवत होतं की चीर दिसू नये. मग यांची तब्येत ढासळायला लागली. तेव्हा त्या माणसानं घाबरून खरं औषध परत डबीत ठेवलं. त्याला वाटलं, चूक सुधारली. पण या औषधाची एक मेख आहे. फार दिवस खंड पडला की शरीर त्याला विसरतं. पुन्हा सुरू करायचं तर पहिल्या दिवसासारखंच, दवाखान्यात, तारा लावून. घरी घेतलं तर हृदयाचा वेग कुठवर उतरेल सांगता येत नाही. परवा सकाळी यांनी, स्वतःला ठाऊक नसताना, पुन्हा पहिली कॅप्सूल घेतली. आणि तशाच कामावर गेल्या."

"कुणी?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्ही नाही. तुम्ही तो पहिला दिवस डोळ्यांनी पाहिला होता, तुम्ही असं कधीच केलं नसतं. त्यांनी स्वतःही नाही, तारा त्यांच्याच छातीला होत्या. हे तुमचे सहकारी घरी येत नाहीत. डबी भरणारा माणूस एकच. नखाएवढी टोपणं ओरखडा न पाडता उघडणारे हातही त्याचेच. आणि त्या पहिल्या दिवशी काही विशेष नव्हतं, असं मनापासून मानणाराही तोच."

वडील खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी नाकारलंही नाही.

"तू खोकताना मी भिंतीपलीकडे जागा असायचो," ते मुलीकडे न बघता म्हणाले. "तुझ्या आईलाही न्यूमोनियानंच नेलं. मला वाटलं, हे औषध तुला तिच्याच वाटेनं नेतंय. तू ऐकत नव्हतीस. म्हणून मी... सर्दी थांबली तेव्हा मला वाटलं, बघा, मी बरोबर होतो. मनातल्या मनात मिरवलं मी. मग तुझ्या हातून कप पडला. मग कागद. तरी मी आठवडे काढले. कबूल करायला तोंड नव्हतं. शेवटी तू राजीनामा दिल्याचं सांगितलंस, आणि त्या रविवारी मी ठरवलं, आता डबी भरताना सगळ्या खऱ्याच ठेवायच्या. करायला गेलो एक."

"थांबवल्यावर काय करायचं तेही त्या माहितीपत्रकात होतं, काका," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

"मागच्या बाजूला होतं. काल तुम्ही गेल्यावर वाचलं."

निवेदिकेनं डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ती रडत नव्हती.

"बाबा, औषध काढलंत याचा राग आहेच. पण सगळ्यात जास्त कशाचा आलाय सांगू? इतके महिने मला वाटत होतं, माझं शरीरच मला दगा देतंय. आरशासमोर उभी राहून मी या हाताला शिव्या दिल्यात. नोकरी सोडली. याच्याशी भांडले. आणि ते बिचारं शरीर उपाशी ठेवलेलं होतं."

वडिलांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"आणि मीही खोटं बोलले," ती पुढे म्हणाली. "पहिल्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सांगितलं नाही. हात गेला तेव्हा डॉक्टरांकडे गेले नाही, नोकरीवरून काढतील म्हणून. गेले असते तर एका रक्ततपासणीत सगळं कळलं असतं. आपल्या घरात सगळे एकमेकांना जपत बसले."

"हात परत येईल का, ताई?" राखीवनं विचारलं. त्याला राहवलं नाही.

"थोडा येईल म्हणतात. किती ते माहीत नाही. राजीनामा मी मागे घेणार आहे, तू नाराज होऊ नकोस."

"मी राखीवच बरा," तो म्हणाला, आणि डोळे पुसत बाहेर गेला.

वडील उठले आणि इन्स्पेक्टरबाईंसमोर उभे राहिले. "चला. मला न्या. शिक्षा झाली तर बरं वाटेल."

"कायदा कुणाला बरं वाटावं म्हणून नसतो, काका. जबाब घ्यावा लागेल, गुन्हा नोंदवायचा की नाही ते वरचे ठरवतील. तुमचा जबाब उद्या. आज यांचा." त्या निवेदिकेकडे वळल्या. "तुम्ही काय सांगणार?"

"जे झालं ते. कमी नाही, जास्त नाही," ती म्हणाली. "बातमी वाचते तसं."

वडिलांनी मान हलवली. ते दारापर्यंत गेले, मग थांबले, जणू मागून हाक येईल. हाक आली नाही. ते बाहेर गेले.

नवरा जागचा हलला नव्हता. त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या.

"जा," निवेदिका त्याला म्हणाली.

"कुठं?"

"त्यांच्याबरोबर घरी. आज त्यांच्याशी बोलला नाहीस तरी चालेल. मलाही इतक्यात जमेलसं वाटत नाही. पण त्यांना एकटं सोडू नकोस."

तो उठला, खुर्चीवर राहिलेला सासऱ्याचा कोट उचलला आणि त्यांच्या मागे गेला.